हातमोजे होते, पण त्या द्रवासाठीचे नव्हते: डायमिथिल मर्क्युरीचं एक प्रकरण

१४ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हरच्या डार्टमथ कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान एका बारीक काचनळीत डायमिथिल मर्क्युरी हे पाऱ्याचं द्रव संयुग भरत होत्या. पिपेटच्या टोकावरून एक किंवा काही थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. त्यांनी जागा स्वच्छ केली आणि मग मोजे काढले. २९८ दिवसांनी, ८ जून १९९७ रोजी, पाऱ्याच्या विषबाधेनं त्यांचा मृत्यू झाला. वय ४८ वर्षं.

संरक्षक साधनांच्या प्रशिक्षणात बहुतेक उदाहरणं न घातलेल्या हेल्मेटची किंवा खिशातच राहिलेल्या चष्म्याची असतात. इथे साधनं घातलेली होती. घालणारी व्यक्ती विषारी धातूंचीच अभ्यासक होती. क्रोमियम पेशींना आणि डीएनएला कशी इजा करतं यावर वेटरहान यांचं काम जगभर माहीत होतं. वाफ ओढून बाहेर टाकणारं कपाट, म्हणजे हूड, चालू होता, डोळ्यांवर चष्मा होता, हातात मोजे होते. त्यामुळे ‘काळजी घ्यायला हवी होती’ एवढ्यावर हे प्रकरण संपवता येत नाही. मोजा नेमका कुठे कमी पडला आणि ते आधी कसं कळलं असतं, हे पाहावं लागतं.

काम काय चाललं होतं

डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांशी पाऱ्याचे आयन कसे जोडले जातात, हा अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी एनएमआर यंत्रावर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणारं यंत्र) पाऱ्याच्या १९९ या समस्थानिकाचे संकेत मोजायचे होते. असं मोजमाप करताना कुठल्या तरी एका पदार्थाचा संकेत शून्य धरून बाकीचे त्याच्याशी ताडून पाहतात. पाऱ्यासाठी तो ठरलेला संदर्भ पदार्थ म्हणजे शुद्ध डायमिथिल मर्क्युरी. मूळ प्रयोग वेगळाच होता. हा द्रव फक्त मापपट्टीचं काम करत होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

डायमिथिल मर्क्युरी हा रंगहीन द्रव आहे. त्याची घनता पाण्याच्या जवळपास तिप्पट, उत्कलनबिंदू सुमारे ९३ अंश सेल्सियस. खोलीच्या तापमानालाच त्याची बरीच वाफ होते, म्हणून हाताळण्याआधी त्याची कुपी बर्फात गार करतात आणि काम फ्यूम हूडच्या आत करतात. ही काळजी त्या दिवशीही घेतली होती. हातात होते ते एकदा वापरून टाकायचे लॅटेक्सचे मोजे. असे मोजे साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे असतात. बोटांना स्पर्श नीट कळतो, पिपेट आणि बारीक नळी धरता येते, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तेच घालतात.

हा पदार्थ घातक आहे हे तेव्हा कुणाला नवीन नव्हतं. १८६५ च्या सुमारास लंडनमध्ये तो हाताळणारे दोन प्रयोगशाळा सहाय्यक दगावले होते. माहिती नव्हती ती एवढ्याच गोष्टीची, की त्याला अडवणारा मोजा कोणता. चाचणी करून काढलेला आकडा कुणाकडेच नव्हता. ‘रसायनरोधक हातमोजे वापरा’ अशा धाटणीची ढोबळ सूचना होती, आणि लॅटेक्सचा मोजा त्या सूचनेत बसतो असं समजायला काहीच अडचण नव्हती.

पाच महिने काहीच नाही

थेंब पडल्यावर कातडी जळली नाही, पुरळ उठला नाही, चक्कर आली नाही. नंतरच्या काळात पोट बिघडण्याचे, मळमळीचे थोडा वेळ टिकणारे प्रसंग आले आणि दोन महिन्यांत ६.८ किलो वजन उतरलं. पण ही लक्षणं शंभर गोष्टींची असू शकतात. १५४ दिवसांनी, म्हणजे जानेवारी १९९७ च्या मध्यावर, तोल जाऊ लागला, चाल बिघडली, बोलणं अडखळू लागलं. पाच दिवसांत हे वाढत गेलं आणि २० जानेवारीला त्यांना रुग्णालयात दाखल केलं.

रक्तात पाऱ्याची पातळी लिटरला ४००० मायक्रोग्रॅम निघाली. सर्वसाधारण माणसात ती १ ते ८ असते आणि २०० च्या वर विषारी मानतात. लघवीत २३४ मायक्रोग्रॅम होते, जिथे ५ च्या आत असायला हवेत. शरीरातला पारा बांधून बाहेर काढणारं सक्सिमर हे औषध दिलं, रक्त बदललं. पारा बाहेर पडू लागला, पण मेंदूला व्हायची ती इजा आधीच झाली होती. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण तीन आठवड्यांत त्या कशालाच प्रतिसाद देईनाशा झाल्या.

एवढा उशीर का लागला याचं सगळं उत्तर अजूनही मिळालेलं नाही, पण वाट बऱ्यापैकी माहीत आहे. डायमिथिल मर्क्युरी चरबीत सहज विरघळतं, म्हणून कातडी आणि फुप्फुसं दोन्हींतून आत शिरतं. शरीरात त्याचं हळूहळू मिथिल मर्क्युरी होतं. ते सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि ही जोडी मेथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते. मेंदूचं रक्षण करणारा अडसर मेथिओनीनला आत घेतो, तसा हिलाही घेतो. तोल आणि हालचाल सांभाळणारा लघुमस्तिष्क, तसंच दृष्टी आणि श्रवणाचे भाग यांना सर्वांत जास्त मार बसतो.

घटना नेमकी कधी घडली हे केसांनी सांगितलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा आपल्यात बांधून घेतो. लांब केसाचे तुकडे करून एकेक मोजला तर मागच्या महिन्यांचा आलेखच हाती येतो. या आलेखात एकच चढ होता: थोड्या विलंबानंतर झपाट्यानं वर, मिलिग्रॅमला जवळजवळ ११०० नॅनोग्रॅमपर्यंत, आणि तिथून दर ७४.६ दिवसांनी निम्मं होत जाणारा उतार. रोज थोडा थोडा पारा अंगात गेला असता तर असा एकच चढ दिसला नसता. या उतारावरून आणखी एक गोष्ट कळते. रुग्णालयात मोजलेली ४००० ची पातळी ही शिखराची नव्हती. तोवर रक्तातला निम्म्याहून जास्त पारा ओसरलेला होता.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जून १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे सगळं मांडलं. शरीरात गेलेल्या द्रवाचा त्यांचा अंदाज सुमारे ०.४४ मिलिलिटर आहे.

मोज्याची चाचणी

निदान झाल्यावर कॉलेजानं एका स्वतंत्र प्रयोगशाळेकडून मोज्यांची चाचणी करून घेतली. लॅटेक्सच्या पातळ मोज्यातून डायमिथिल मर्क्युरी १५ सेकंदांच्या आत आरपार जातं, असं दिसलं. बहुधा त्याहूनही कमी वेळ लागतो. १५ सेकंद ही त्या मोजणीची मर्यादा होती. पीव्हीसी हे प्लॅस्टिक आणि निओप्रीन हे कृत्रिम रबर यांचे मोजेसुद्धा टिकले नाहीत. टिकला तो अनेक पातळ थरांचा प्लॅस्टिकचा लॅमिनेट मोजा. त्यातून चाचणीच्या चार तासांत काही पार झालं नाही.

आता ऑगस्टमधल्या त्या दुपारचा क्रम परत पाहा. थेंब पडला, जागा पुसली, मोजे काढले. नेहमीच्या द्रावकांसाठी हा क्रम चालून जातो, कारण त्यांना पातळ मोज्यातून यायला सहसा जास्त वेळ लागतो आणि थोडं आत आलं तरी इजा किरकोळ असते. इथे पुसायला कापड हातात घेईपर्यंत द्रव कातडीवर पोचलेला होता. मोजा लगेच काढला असता तर आत गेलेलं प्रमाण कदाचित कमी राहिलं असतं, पण १५ सेकंदांत दूषित मोजा नीट उतरवणं सरावलेल्या माणसालाही अवघड आहे. ‘थेंब पडला की मोजा काढा’ हा नियम मोजा काही मिनिटं तरी अडवतो या गृहीतावर उभा आहे. गृहीत खोटं असेल तिथे नियम कितीही काटेकोर पाळला तरी उपयोग होत नाही.

भोक नसताना द्रव आत कसा जातो

हा भाग प्रशिक्षणात सर्वांत घाईत उरकला जातो आणि खरं तर त्यालाच वेळ द्यायला हवा. मोजा तीन तऱ्हांनी हरतो.

पहिली तऱ्हा सरळ आहे: टाचणीएवढं छिद्र, शिवणीतली फट, नखानं गेलेली चीर. द्रव तिथून वाहत येतो. मोजा फुगवून मनगटाशी पिळून धरला आणि बोटांवर दाब दिला तर मोठी गळती कळते. अगदी बारीक छिद्रं या तपासणीत सुटतात.

दुसरी तऱ्हा डोळ्यांना दिसते. मोजा फुगतो, चिकट होतो, कडक पडून तडकतो किंवा रंग सोडतो. नैसर्गिक रबराचा मोजा तेलात किंवा पेट्रोलमध्ये राहिला की सैल होऊन फुगतो. नायट्राइल हे कृत्रिम रबर ॲसिटोनमध्ये बुडवलं की सुरकुतून मोठं होतं. कामगाराला निदान काहीतरी बिघडल्याची खूण मिळते.

तिसऱ्या तऱ्हेत कुठलीच खूण नसते. रबरी फुगा रात्रभरात मऊ पडतो, तेव्हा त्याला भोक पडलेलं नसतं. हवेचे रेणू रबराच्या लांब साखळ्यांमधून वाट काढत बाहेर गेलेले असतात. द्रवाचे रेणूही तसेच मोज्याच्या बाहेरच्या पृष्ठभागात विरघळतात, आतून सरकत जातात आणि कातडीकडच्या बाजूनं बाहेर पडतात. मोजा शेवटपर्यंत कोरा आणि धड दिसतो. डार्टमथमध्ये झालं ते हेच.

या झिरपण्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो. द्रव त्या रबरात किती विरघळतो ही पहिली. लहान, तेलकट स्वभावाचा, आयन नसलेला रेणू रबरात लगेच मिसळतो. डायमिथिल मर्क्युरी अगदी याच वर्णनाचं आहे. पाऱ्याचं पाण्यात विरघळलेलं क्षार मात्र त्याच मोज्यावर बराच काळ अडून राहतं. दुसरी गोष्ट तापमान. प्रमाणित चाचण्या २३ अंशांच्या आसपास होतात, पण मोज्याच्या आत हात ३३ ते ३५ अंशांचा असतो. त्यामुळे छापील वेळ हातावर थोडी कमीच भरते. तिसरी जाडी, आणि इथे हिशेब आपल्या बाजूनं आहे: त्याच पदार्थाचा मोजा दुप्पट जाड घेतला तर पार व्हायचा वेळ साधारण चौपट होतो. बोटांच्या सांध्यांवर मोजा ताणला जातो तिथे तो पातळ होतो, आणि तिथला वेळही त्याच हिशेबानं घटतो. म्हणून एक माप लहान मोजा ओढूनताणून घालणं हा साधा गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

तक्ता कसा वाचायचा

मोज्याच्या उत्पादकाकडे रसायनागणिक तक्ता असतो. त्यातला ब्रेकथ्रू टाइम म्हणजे द्रव पहिल्यांदा आत आला तो क्षण, असं बरेच जण समजतात. तसं नाही. युरोपीय पद्धतीत, म्हणजे ईएन आयएसओ ३७४ मध्ये, झिरपण्याचा वेग चौरस सेंटिमीटरला मिनिटाला १ मायक्रोग्रॅम झाला की घड्याळ थांबवतात. अमेरिकी एएसटीएम एफ७३९ मध्ये हा उंबरठा ०.१ मायक्रोग्रॅम आहे. दोन तक्त्यांतले आकडे म्हणूनच थेट एकमेकांशी ताडू नयेत. शिवाय उंबरठा ओलांडण्याआधीही थोडा पदार्थ आत आलेला असतो. तळहाताचा १०० चौरस सेंटिमीटर भाग भिजलेला असेल तर युरोपीय उंबरठ्यावर मिनिटाला १०० मायक्रोग्रॅम आत येतात. टोल्युइनसारख्या नेहमीच्या द्रावकाच्या बाबतीत हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा आहे. मेंदूत साठणाऱ्या पाऱ्याच्या संयुगाच्या बाबतीत तो तसा नाही.

युरोपीय मोज्यावर शंकूच्या आकाराच्या चंबूचं चिन्ह आणि त्याखाली अक्षरं असतात. प्रत्येक अक्षर एका रसायनाचं आहे: ए मिथेनॉल, बी ॲसिटोन, डी डायक्लोरोमिथेन, एफ टोल्युइन, के ४० टक्के कॉस्टिक सोडा, एल ९६ टक्के गंधकाम्ल, अशी यादी आहे. टाइप ए म्हणजे यादीतल्या किमान सहा रसायनांना ३० मिनिटं, टाइप बी म्हणजे किमान तिघांना ३० मिनिटं, टाइप सी म्हणजे किमान एकाला १० मिनिटं. टाइप ए छापलेला मोजा ‘सगळ्यांत भारी’ म्हणून आणला आणि आपलं रसायन त्या सहांत नसलं, तर त्या छापाचा आपल्याला काहीही उपयोग नाही. आपल्या रसायनाचं अक्षर आहे का, हे आधी पाहायचं. नसेल तर उत्पादकाकडे त्या रसायनाचा, त्या तीव्रतेचा, त्याच मॉडेलच्या मोज्याचा चाचणी अहवाल मागायचा. ‘नायट्राइल चालेल’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण ०.१ मिलिमीटरचं नायट्राइल आणि ०.४ मिलिमीटरचं नायट्राइल यांच्या वेळांत सोळापट फरक पडू शकतो.

सेफ्टी डेटा शीटचा, म्हणजे रसायनाबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा, आठवा विभाग संरक्षक साधनांचा असतो. तिथे मोज्याचा पदार्थ, जाडी आणि ब्रेकथ्रू टाइम या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. ‘योग्य हातमोजे वापरावेत’ एवढंच असेल तर मोज्याबाबत ती शीट कोरी आहे असं धरून पुरवठादाराला लेखी विचारावं. मिश्रण असेल तर सर्वांत लवकर पार होणारा घटक धरून निवड करावी, आणि एक द्रव दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो हेही ध्यानात ठेवावं. ज्या मोज्यातून एखादा पदार्थ एरवी तासभर अडतो, त्यातूनच तो ॲसिटोनबरोबर खूप लवकर जातो.

हेच प्रकरण लहान प्रमाणात रोज घडतं, फक्त त्याची परिणती मृत्यूत होत नसल्यानं ते नजरेत येत नाही. सुटे भाग ॲसिटोननं पुसणारे कामगार पातळ नायट्राइल घालतात. ते पहिल्या एक-दोन मिनिटांतच हरतं. ॲसिटोनसाठी ब्युटाइल रबर लागतं. रंग काढायच्या डायक्लोरोमिथेनलाही पातळ नायट्राइल मिनिटभर जेमतेम टिकतं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा मोजा त्याला छान अडवतो, पण हा मोजा पाण्यात विरघळतो, त्यामुळे धुण्याच्या जागी तो चालत नाही. उलट बाजूला, तेल आणि डिझेलच्या कामात नायट्राइल उत्तम आणि नैसर्गिक रबर कुचकामी. पाण्यात पातळ केलेली आम्लं आणि अल्कली नैसर्गिक रबर नीट अडवतं. सगळ्याला चालेल असा एक मोजा अस्तित्वात नाही, आणि भांडारात एकाच प्रकारचा खोका ठेवणं ही सोय कुणाच्या तरी कातडीवर काढली जाते.

या द्रवासाठी बरोबर मांडणी

घटनेनंतर अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेनं मार्च १९९८ मध्ये डायमिथिल मर्क्युरीसाठी सूचना काढल्या. त्यांत दुहेरी मोजा आहे: आत लॅमिनेट, वर लांब मनगटाचा, अस्तर नसलेला जाड निओप्रीन किंवा नायट्राइल मोजा. इथे एक गंमत वाटावी अशी पण महत्त्वाची गोष्ट आहे. अडवण्याचं खरं काम आतला लॅमिनेट करतो, आणि तो साधारण ०.०७ मिलिमीटरचा, म्हणजे लॅटेक्सहूनही पातळ असतो. फरक पदार्थाचा आहे: पॉलिथिलीन आणि ईव्हीओएच या प्लॅस्टिकांचे थर एकमेकांवर बसवलेले असतात आणि ईव्हीओएचच्या थरात हा रेणू सहज विरघळत नाही. पण लॅमिनेट ताणला जात नाही, हातावर सैल बसतो आणि धारदार काचेनं पटकन फाटतो. बाहेरचा जाड मोजा त्याला फाटण्यापासून वाचवतो आणि पकड देतो. बाहेरचा मोजा रसायन थांबवतो असं समजून आतला काढून टाकला, तर उरतो तो चाचणीत नापास झालेला मोजा.

बाहेरचा मोजा नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यावा, नाहीतर सैल लॅमिनेटच्या घड्या आत चुरगळून बोटं बधिर होतात आणि पिपेट हातातून निसटतं. दोन्ही मोजे कोटाच्या बाहीवर यावेत. मनगटाशी दोन बोटं रुंदीची जागा उघडी राहिली तर थेंबाला तेवढी जागा पुरते. बाहेरच्या मोज्याची मनगटाकडची कड बाहेर उलटी दुमडली तर हात वर उचलताना ओघळ कोपराकडे न जाता त्या घडीत अडकतो. चष्म्यावर पूर्ण चेहरा झाकणारं ढालीसारखं आवरण असावं. हूडची काच कामाला पुरेल एवढीच वर ठेवावी आणि द्रव काचेच्या कडेपासून निदान १५ सेंटिमीटर आत हाताळावा, कारण कडेजवळ खोलीतली हवा वळसा घेते.

काढताना आधी बाहेरचा मोजा. मनगटाशी बाहेरून चिमटीत धरून आतली बाजू बाहेर येईल असा ओढायचा, दुसऱ्या हातात मुठीत धरायचा. दुसऱ्या मोज्याच्या आत बोट सरकवून तो पहिल्यावरून उलटा करायचा. मग लॅमिनेट तसाच. एकही उघडं बोट कुठल्याही मोज्याच्या बाहेरच्या बाजूला लागता कामा नये. ही हालचाल आधी पाण्यात कालवलेला रंग मोज्याला लावून सरावावी. हातावर डाग उमटला की चूक कुठे झाली ते कुणी सांगावं लागत नाही. काढलेले मोजे हूडच्याच आत झाकण लागणाऱ्या डब्यात टाकावेत. एकदा भिजलेला मोजा पुसून ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नये, कारण पृष्ठभाग कोरडा झाला तरी रबराच्या आत शिरलेला द्रव रात्रभर कातडीच्या बाजूला सरकत राहतो आणि सकाळी आतल्या बाजूनंच हाताला भेटतो.

मोज्याच्या आधीचा प्रश्न

संरक्षक साधन हा शेवटचा अडसर आहे आणि या प्रकरणात त्याच्यावर पहिल्याचा भार पडला होता. संदर्भ पदार्थ म्हणून डायमिथिल मर्क्युरीच लागतं असं नव्हतं. पाऱ्याच्या अकार्बनी क्षाराचं द्रावण संदर्भ म्हणून वापरून आकडे नंतर गणितानं जुळवून घेता येतात. तो क्षारही विषारीच आहे, पण त्याची वाफ होत नाही आणि तो रबरात असा विरघळत नाही. साधा मोजाही त्याच्यापुढे बराच काळ टिकतो. घटनेनंतर सूचनांमध्ये हा बदल मोज्याच्याही आधी सुचवला गेला. एखाद्या कामासाठी अतिशय दुर्मिळ, महाग किंवा अवघड मोजा शोधावा लागतोय असं दिसलं, की तिथेच थांबून तो पदार्थ बदलता येईल का हे विचारावं. शोध इतका कठीण होणं हीच त्या पदार्थाविषयीची सूचना असते.

बदल शक्यच नसेल तर मात्रा कमी करता येते. हवी तेवढीच, आधीच बंद केलेल्या नळीत भरलेली मागवली तर पिपेटनं ओतण्याची पायरीच उरत नाही, आणि थेंब पडले ते त्याच पायरीवर.

थेंब पडलाच तर

काम थांबवायचं, जागा पुसायची ती नंतर, आणि शक्यतो दुसऱ्या, नीट मोजे घातलेल्या माणसानं. मोजे लगेच काढायचे, हात भरपूर पाण्यानं आणि साबणानं किमान १५ मिनिटं धुवायचे. कातडीवर काही दिसत नाही, जळजळ नाही, म्हणून विषय सोडून द्यायचा नाही. या गटातल्या पदार्थांसाठी रक्ताची आणि लघवीची तपासणी त्याच दिवसांत व्हायला हवी, कारण बांधून काढणारी औषधं मेंदूत पारा साठण्याआधी दिली तरच त्यांच्याकडून काही आशा ठेवता येते. अशी द्रव्यं नेहमी हाताळणाऱ्यांची काम सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून मूळ आकडा नोंदवून ठेवावा आणि पुढे ठरावीक अंतरानं ती चालू ठेवावी.

नोंदवहीत घटनेसमोर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: पदार्थ आणि त्याची तीव्रता, मोज्याचं मॉडेल आणि जाडी, थेंब पडल्यापासून मोजा उतरेपर्यंत गेलेला वेळ, आणि शरीराचा कोणता भाग भिजला. पाच महिन्यांनी एखादा माणूस तोल जातोय म्हणून डॉक्टरांसमोर बसला, तर त्यांना कुठली तपासणी आधी करायची हे या चार ओळींवरून ठरवता येतं.